स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे एनर्जी ड्रिंक नव्हे
‘स्पोर्ट्स ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक एकच, फक्त डबा वेगळा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे पाणी, साधारण ६ ते ८ टक्के साखर आणि घामावाटे जाणारं सोडियम, थोडं पोटॅशियम. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात गेटोरेड हे स्पोर्ट्स ड्रिंक तयार झालं, तेच मुळी घामाघूम होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी. एनर्जी ड्रिंकची मदार कॅफीनवर: २५० मिलिलिटरच्या डब्यात बहुधा ८० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास कपभर कॉफीइतकं. त्यानं तरतरी येईल, पण घामाची भरपाई हे त्याचं कामच नाही. कोल्ड्रिंकमध्ये तर साखर १० टक्क्यांच्या पुढे. पिऊन धावलात की पोट डचमळतं. बाकी अर्धा तास चालून आल्यावर स्पोर्ट्स ड्रिंक तरी कशाला? अर्ध्या लिटरच्या बाटलीत सहज सात चमचे साखर असते. तेवढ्या घामाला साधं पाणी पुरतं.