जकात नाका, एडिसन

पोरं जेवत असताना त्यांच्या ताटाचा पंचनामा करू नये, एवढी साधी गोष्ट सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कळत नसेल तर बोलायचं तरी काय? शुक्रवारचा राग माझा अजून उतरलेला नाही.

झालं असं. आमच्या चिरंजीवांनी शाळेच्या कॅफेटेरियात ‘स्लॉपी जो’ खाल्ला आणि घरात पोळीभाजीचा बाजार उठला. ज्यांच्या वाट्याला हे अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गोडसर टोमॅटो सॉसमध्ये शिजवलेला खिमा बर्गरच्या बनमध्ये भरायचा, आणि खाताना त्यातला निम्मा शर्टावर सांडायचा. सांडला नाही तर तो स्लॉपी जो नव्हे. त्याचा तयार सॉस १९६९ पासून डब्यात मिळतो, अमेरिकेतली निम्मी बालपणं त्या डब्यावर निघालेली आहेत. आमच्या न्यू जर्सीची मात्र तऱ्हाच वेगळी. इथे साउथ ऑरेंजच्या बाजूला एखाद्या डेलीत स्लॉपी जो मागा, हातात पडतं ते राय ब्रेडचं तिमजली गारढोण सँडविच. आत मांसाचे काप, कोबीचं कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग. मी नवऱ्याला सांगितलं, “येताना आण,” तर तो नेमका तेच घेऊन आला. चिरंजीवांनी सँडविच उघडायला घेतलं, आत कोबी दिसला, आणि त्या रात्री आमच्याकडे जे रडं झालं ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. म्हणजे घरी करणं आलं. आणि घरी करायचंच तर चार भाज्या का घालू नयेत, हा विचार आईच्या डोक्यात आल्याशिवाय राहत नाही.

“त्यापेक्षा पावभाजी कर की!” हे मला आतापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय, भारतातून फोनवर सुद्धा. केली. तिच्यात हिरवा मटार दिसतो. चिरंजीव मटार एकेक करून बशीच्या कडेला लावतात आणि मग म्हणतात, पोट भरलं.

तेव्हा कामाला लागले. झुकिनी सोलून किसली, कारण साल राहिली तर हिरवा रंग चहाडी करतो. मीठ लावून पिळली. झुकिनीला सुटतं तेवढं पाणी आमच्या नळालाही येत नाही. गाजर बारीक किसणीवर, फ्लॉवर मिक्सरमधून, लाल ढोबळी मिरची भाजून, सोलून, वाटून. मश्रूम अगदी बारीक चिरले, परतले की ते खिम्यात असे मिसळतात की ओळखू म्हणता येत नाहीत. वाटीभर मसूर डाळ गाळ होईस्तोवर शिजवून घोटली, मिश्रण दाट व्हायला. टर्कीचा खिमा, त्र्याण्णव टक्के लीनवाला. वरून केचप, मोहरीचा सॉस, ब्राउन शुगर, वुस्टरशर सॉस. यूट्यूबवरची बाई म्हणते, “तीस मिनिटांत तयार, आणि मुलांना कळणारसुद्धा नाही!” तीस मिनिटं मला नुसता फूड प्रोसेसर धुवायला लागली. बोटाचं पेर किसणीवर सोललं ते वेगळंच. नवरा मागून येऊन चमचाभर चाटून गेला आणि म्हणाला, “मस्त झालंय. एवढा वेळ कशाला लागला?”

खरं तर या देशात सरकारच तुमच्या बाजूने लबाडी करायला तयार असतं. १९८१ साली, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात, शाळेच्या जेवणावरचा खर्च कापताना चटण्या-लोणची भाजीत धरायचा प्रस्ताव आला होता. म्हणजे केचप ही भाजी! बोंबाबोंब झाली म्हणून मागे घेतला. २०११ साली तर काँग्रेसनेच, म्हणजे इथल्या संसदेनेच, अडवून धरलं की दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट म्हणजे अर्धा कप भाजी हा जुना हिशेब बदलायचा नाही. का? तर शाळेतला पिझ्झा भाजीत बसायला हवा. त्यांनी कागदावर चमचा फिरवला की भाजी झाली, आणि मी इथे पेर सोलून घेतेय.

असो. शुक्रवारी सॉकरच्या प्रॅक्टिसनंतर चिरंजीव आणि तीन मित्र टेबलाशी बसले. चौघंही खात होते. गप्पा मारत, सांडत, बोटं चाटत खात होते. मी ओट्याशी पाठ करून उभी होते आणि मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करत होते. तेवढ्यात दार वाजलं.

वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचे बाबा. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेत. नोकरी सगळी मुलुंडच्या जकात नाक्यावर गेली. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, नाके ओस पडले. काका त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते, पण त्यांना ते कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. वर कांद्याची पोती आणि खाली साड्यांचे तागे भरलेला ट्रक आपण नुसत्या टायरांकडे बघून कसा पकडला, हे त्यांचं आमच्या कॉम्प्लेक्समधल्या प्रत्येकाला सांगून झालंय. मेलमनलासुद्धा.

“खमंग वास आला म्हणून डोकावलो. खिमा का गं?”

“हो काका. टर्कीचा आहे. चालतो ना?”

“आज शुक्रवार, चालतो की! आणि टर्की म्हणजे कोंबडीच्याच भावकीतली.”

बशी दिली. काकांनी बनचं झाकण उचललं, बाजूला उलटं ठेवलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि काट्याने खिमा थोडा थोडा पसरायला सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा आला.

“गाजर,” काका म्हणाले.

मी डोळे मोठे केले, मुलांकडे इशारा केला.

“डोळ्यांत काही गेलं का गं?”

“काका, तो टोमॅटो आहे.”

“टोमॅटोला रेषा नसतात. हे किसलेलं आहे, बारीक किसणीवर. आणि हा पांढरा चुरा, हा फ्लॉवर.” मग एक घास तोंडात टाकून डोळे मिटले. “खिमा रवाळ लागतो. मधेच काहीतरी बुळबुळीत येतंय. अळंबी!”

टेबलावरचा आवाज बंद झाला. चिरंजीवांना मराठी येत नाही असं ते मला रोज पटवून देतात, पण गाजर आणि फ्लॉवर त्यांना चांगलं कळतं.

विषय बदलावा म्हणून मी घाईघाईने खटला काढला. म्हटलं, “काका, तुम्हाला ठाऊक आहे का, टोमॅटो फळ की भाजी यावर इथल्या सुप्रीम कोर्टात केस झाली होती. १८९३ साली. भाजीवर आयात कर होता, फळावर नव्हता. व्यापारी म्हणे, हे फळ आहे. न्यू यॉर्क बंदराचा कलेक्टर म्हणे, भाजी आहे, कर काढा.”

काकांचा काटा हवेत थांबला. “मग? जकातवाला जिंकला ना?”

“हो. कोर्ट म्हणालं भाजी.”

“जिंकणारच!” त्यांना इतका आनंद झाला की ते दुप्पट जोमाने बशीत घुसले. मीच आगीत तेल ओतलं म्हणा. पुढच्याच मिनिटाला काट्याच्या टोकावर नखाएवढी हिरवी साल आली. सोलताना राहिलेली, एकुलती एक. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

“हे काय?”

“कोथिंबीर.”

त्यांनी हुंगली. “कोथिंबिरीला वास असतो.”

“झुकिनी,” मी पुटपुटले.

“झुकिनी?” चारही पोरं एका सुरात ओरडली. त्यातला एक तर तिसऱ्यांदा वाढून घेऊन बसला होता.

काकांनी मुलांकडे वळून हात वर केला. “स्टॉप ईटिंग. वन मिनिट.” खिशातून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर यादी केली: गाजर, फ्लॉवर, अळंबी, झुकिनी, लाल ढोबळी मिरची. वुस्टरशर सॉसची बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं आणि “चिंच” हेही जोडलं. खाली सही केली, तारीख घातली. “माल जाहीर केला नाही तर आमच्याकडे दंड वेगळा असायचा,” असं म्हणून नॅपकिन माझ्या हातात दिला. हसत होते. मला म्हणे गंमत वाटायला हवी होती.

चिरंजीव उठले, दूध आणि सीरियल घेऊन बसले. मित्रांनीही तेच घेतलं. त्या सीरियलमध्ये साखर किती, याचा पंचनामा कुणी केला नाही. पोरांनी टाकलेला सगळा माल काकांनी शांतपणे जप्त केला आणि शेवटचा बन लेकीसाठी म्हणून फॉइलमध्ये बांधून घेतला, तोही लिफ्टपाशी खाल्ला. रात्री एका मित्राच्या आईचा मेसेज आला, “तो म्हणतोय तुमच्याकडे सॅलड होतं. थँक यू!”

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून मैत्रिणीचा फोन.

“अगं, बाबांना काल रात्रभर गॅसेस. पोट नुसतं ढमढम करतंय. त्यांना मसूर अजिबात सोसत नाही, पण तसं काही खाल्लं नाही म्हणतात. तुझ्याकडच्या त्या खिम्यात काय काय होतं गं?”

मी फ्रिजवर मॅग्नेटने लावलेल्या नॅपकिनकडे बघितलं.

“बाबांनाच विचार ना,” म्हटलं. “त्यांनी सगळं तपासून लिहून दिलंय. सहीनिशी.”