फी माफ झाली, पण झोपायचं कुठे?

मागच्या वर्षी इथे कॅलिफोर्नियात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) अकाउंटिंगचा संध्याकाळचा क्लास लावला होता, तिथे माझ्या बाजूला बसणारा पोरगा रोज सगळ्यात शेवटी निघायचा, मला वाटायचं काय अभ्यासू आहे. एकदा पार्किंगमध्ये त्याच्या गाडीपाशी गप्पा मारत उभे होतो तर मागच्या सीटवर उशी, घडी घातलेलं ब्लँकेट आणि कपहोल्डरमध्ये टूथब्रश. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, जूनपासून गाडीतच राहतोय. दहा वाजले की सिक्युरिटीवाला टॉर्च मारत येतो, मग रोज नवीन गल्ली शोधायची. सेमिस्टरभराच्या पार्किंग पासचे पैसे मात्र भरलेले!

पुण्यात मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलोय, मालकीणबाई बरोबर दहाला गेट लावायच्या आणि आम्ही शिव्या घालायचो. पण आम्ही गेटच्या आत होतो ना राव.

इथे फी एका क्रेडिट युनिटला 46 डॉलर, उत्पन्न कमी असेल तर तीही माफ, त्याचं सगळ्यांना भारी कौतुक. अरे पण खरा खर्च भाड्याचा आहे. घरमालक भाड्याच्या तिप्पट पगार दाखवा म्हणतो, तो कुठून आणणार? आणि टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे बिल्डरला सरकारी करसवलत देऊन, बांधलेली स्वस्त घरं असतात, त्यात घरातले सगळेच फुल टाइम स्टुडंट असतील तर काही अपवाद सोडले तर राहताच येत नाही. आता गंमत बघा, पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या मुलांना मिळणारी केंद्र सरकारची मदत, पूर्ण हवी तर फुल टाइम शिका, आणि फुल टाइम शिकलात तर हे घर विसरा.

2019 मध्ये होप सेंटर या संशोधन संस्थेचा इथल्या 57 कम्युनिटी कॉलेजांचा सर्व्हे आला, उत्तरं देणाऱ्यांपैकी 19 टक्के मुलं आधीच्या वर्षभरात कधी ना कधी बेघर होती. त्याच वर्षी मार्क बर्मन नावाच्या आमदाराने रात्री कॉलेजचं पार्किंग या मुलांना उघडं ठेवा असं बिल आणलं, सिनेटमध्ये त्यात इतके बदल झाले की त्यानेच ते बाजूला ठेवलं. बेघर मुलांना कॉलेजचे शॉवर वापरू द्या हा कायदा मात्र 2016 मध्येच झालाय. म्हणजे आंघोळ कॉलेजात आणि झोप रस्त्यावर.

पार्किंग म्हणजे घर नव्हे, मान्य. हॉस्टेल बांधा की, कोण नको म्हणतंय, पण ते उभं राहीपर्यंत हा पोरगा आज रात्री कुठे जाणार? लाँग बीच सिटी कॉलेजने 2021 मध्ये रात्रीचं पार्किंग सुरू करून दाखवलंच की.

आमच्या कॉलेजच्या ट्रस्टींच्या पुढच्या मीटिंगला मी जाऊन बोलणारे. बे एरियातलं (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं) कुणी सोबत येणार असेल तर इनबॉक्स करा.