सुनावणीला समक्ष हजर राहावे

‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, आणि अक्षर इतकं बारीक की तमाम नागरिकांनी भिंग घेऊनच जन्माला यावं. नगररचनेची जाहीर सूचना ही अशी असते. आमच्या गल्लीच्या तोंडाचा रहिवासी पट्टा व्यापारी करायचं घाटतंय, हे आम्हाला त्या सूचनेवरून कळलंच नाही. ते कळलं तिथे येऊन थांबणाऱ्या आणि काच खाली करून भाव विचारणाऱ्या मोटारींवरून.

मग सोसायटीची तातडीची सभा झाली. कायदा कुणाला येतो, असा प्रश्न निघाला. ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ हे नाव मी न अडखळता म्हणून दाखवलं. एवढ्या भांडवलावर मला समन्वयक केलं गेलं.

या कायद्याचं कलम ३७ तसं सरळ आहे. शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर सूचना काढायची, महिन्याभरात हरकती-सूचना मागवायच्या, हरकतदारांना ऐकून घ्यायचं आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला पाठवायचा. महिना कागदावर ऐसपैस दिसतो. पण त्यातला बराचसा आपला सर्व्हे नंबर कोणता, हे शोधण्यातच जातो. लोकांना फ्लॅटचा नंबर पाठ असतो, पार्किंगचा तर झोपेतही सांगतील. सर्व्हे नंबर विचारला की मात्र सगळे माझ्याकडे पाहायला लागतात. त्यात जुना सर्व्हे नंबर वेगळा, सिटी सर्व्हे नंबर वेगळा. सूचनेत शेवटी ‘पैकी’ असतं ते आणखी वेगळं. त्या ‘पैकी’त आपण येतो की शेजारची सोसायटी, यावर दोन्हीकडचे लोक समोरासमोरच्या गच्च्यांवरून भांडले.

नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला मिळेल, असं सूचनेत होतं. कार्यालयीन वेळ म्हणजे नोकरदार माणूस स्वतःच्या कार्यालयात असतो ती वेळ. म्हणून नकाशा पाहायला गेले ते सगळे निवृत्त. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग आडवा, आणि शेवटी सगळेच त्याच्याभोवती फिरले. पिवळा रंग म्हणजे रहिवासी विभाग, एवढं कळल्यावर तळमजल्यावरच्या काकांना हायसं वाटलं. आपली इमारत पिवळी आहे ती ओलीमुळे नव्हे, असं ते आल्याबरोबर सगळ्यांना सांगत सुटले.

खरी गंमत हरकतीचा मसुदा करताना आली. ज्येष्ठ नागरिक संघाला दुकानं नको होती, औषधांचं एक मात्र हवं होतं. महिला मंडळाला रस्त्यावर उजेड आणि वर्दळ हवी होती, म्हणजे दुकानं चालणार होती. पक्षीमित्रांना काहीही बांधलेलं चालणार नव्हतं, आमची इमारतसुद्धा. कोपऱ्यावरच्या बंगलेवाल्यांनी ‘परिसराचं स्वरूप जपलं पाहिजे’ यावर घणाघाती भाषण केलं. त्यांचा बंगला त्याच पट्ट्यात येतो म्हटल्यावर ते खाली बसले, आणि थोड्या वेळाने ‘विकासाला आंधळा विरोध नको’ म्हणून पुन्हा उठले. एकमत झालं ते पाण्याच्या दाबावर. त्याचा पट्ट्याशी काही संबंध नव्हता, तरी तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर गेला.

त्यानंतर कुणीतरी छापील नमुना काढला. खाली नाव भरा आणि सही ठोका. गठ्ठा जाडजूड झाला. आवक-जावक विभागातल्या कारकुनाने पोच देताना शिक्का मारून मारून हात झटकला. माझं स्पष्ट मत आहे की एकसारख्या हजार कागदांचं वजन फक्त कपाटाला जाणवतं. अमुक सर्व्हे नंबरात अमुक गोष्ट चुकली आहे, असं जागेवर जाऊन पाहून लिहिलेला एकच कागद साहेबाला त्रास देतो. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये आला, तेव्हा नागरिकांच्या गटांनी नकाशे घेऊन आपापले वॉर्ड पडताळले. चुकांवरून एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो दुरुस्त करून आणायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आला आणि मंजुरीला २०१८ उजाडलं. पण नकाशा घेऊन उन्हात फिरायचं म्हटल्यावर आमच्या समितीतल्या निम्म्या लोकांचे गुडघे दुखू लागले.

सुनावणीला ‘समक्ष हजर राहावे’ असं पत्र आलं. सगळ्या हरकतदारांना एकच वेळ दिलेली होती, त्यामुळे बाहेर बाकावर आमची उत्तम ओळखपरेड झाली. आत बोलायला मिनिटं मोजून. काकांनी त्यातली पहिली दोन ‘माननीय’ लावण्यात घालवली आणि उरलेली पाण्याच्या दाबावर. साहेब दर वाक्याला मान हलवत होते, पण ती पंख्याच्या लयीत हलत असावी असा मला संशय आहे. पक्षीमित्रांनी पोपटांच्या ढोलींची यादी वाचली. बंगलेवाल्यांनी आधीची हरकत मागे घेण्याबाबत नवी हरकत दिली. प्रत्येकाला अखेरीस तेच उत्तर मिळालं: ‘नोंद घेतली.’

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. लोकांच्या हातात खरा अधिकार ही सगळ्यात वरची पायरी. तळातल्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानायलाच तयार नव्हत्या, आणि त्यातल्या दुसरीचं नाव आहे ‘उपचार’: लोकांना बोलू द्यायचं म्हणजे त्यांना बरं वाटतं. खरं सांगायचं तर आम्हालाही बाहेर पडताना फार बरं वाटत होतं. काकांचा तर रक्तदाबही उतरला होता.

पुढे बऱ्याच काळाने हरकतींचा तक्ता हाती आला. आमच्या क्रमांकापुढे शेरा होता: ‘अंशतः मान्य’. कोणता अंश, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघ म्हणतो औषधाचं दुकान, पक्षीमित्र म्हणतात पोपट, आणि काकांनी नळ सोडून पाहिला. अंश ठरवायला आता उपसमिती नेमली आहे. तिच्या रचनेवर हरकती-सूचना मागवल्या आहेत, मुदत एक महिना.