दोन पर्वती आणि एक दुधी

कोथरूडमध्ये राहणाऱ्या माणसाने भाजी मंडईतूनच आणण्याचा हट्ट धरावा, याचे आमच्या घरात कधीच कौतुक झाले नाही. परंतु २९ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि माझ्या हट्टाला बळ आले. वनाझला गाडीत बसायचे, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची, की कसबा पेठेच्या पुढचे स्थानक मंडई. हा मार्ग मी सौभाग्यवतींना वाणसामानाच्या यादीमागे पेन्सिलीने काढून दाखवला होता. चित्रात चूक काहीच नव्हती. फक्त कागदाला लांबी-रुंदी असते, खोली नसते.

जिल्हा न्यायालय स्थानकात एक गाडी डोक्यावरून जाते आणि दुसरी पाताळातून. सर्वांत खोल जागा जमिनीखाली ३३.१ मीटर, म्हणजे दहा मजली इमारत उलटी पुरावी तसा प्रकार. इथून कसब्याकडे जाणारा बोगदा मुठेच्या पात्राखालून आणि मग पेठांतल्या जुन्या घरांखालून जातो, तेव्हा एवढे खाली उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे मला मान्य आहे. पेठांतून जमिनीवरून रूळ टाकायचे ठरले असते, तर त्याचे दावे शेजारच्याच न्यायालयात आणखी तीन पिढ्या चालले असते. शिवाय छत असे बांधले आहे की ऊन थेट खाली फलाटापर्यंत पोहोचते. लहानपणी आजोळच्या आडात डोकावून हाका मारणाऱ्या मला, आडाच्या तळाशी उभे राहून वर पाहण्याचा योग साठीनंतर आला.

खाली जाताना सरकत्या जिन्याने हे सारे फार रम्य वाटते. परतताना मात्र माझ्या हातात दोन पिशव्या होत्या, एकीतून हातभर दुधी डोकावत होता, आणि ‘पर्वती चढणाऱ्याला जिना कसला?’ असे मीच आदल्या रात्री जेवताना म्हणून बसलो होतो. त्यामुळे साध्या पायऱ्यांनी निघालो. पहिल्या वळणापर्यंत ऐट टिकली. दुसऱ्या वळणावर मी, केवळ अभ्यास म्हणून, थांबलो आणि हिशेब केला: पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर ३३ मीटरांच्या २२० पायऱ्या होतात, पर्वतीच्या १०३. म्हणजे दोन पर्वती, वर आणखी चौदा पायऱ्या, आणि एवढे चढून देवदर्शन नाहीच.

या आकडेमोडीत पिशवी कलली आणि दुधी निसटला. तो प्रत्येक पायरीवर ‘धप्’ असा आवाज करत, मी मघाशी घाम गाळून मिळवलेली सगळी उंची काही क्षणांत गमावून दिसेनासा झाला. मी कठड्यावरून वाकून पाहत होतो, तोच शेजारच्या सरकत्या जिन्यावरून एक कॉलेजची मुलगी, कडेवर तान्हे मूल घ्यावे तसा तो दुधी घेऊन, संथपणे वर येताना दिसली. माझ्या पातळीला येताच ती म्हणाली, “काका, मी वर थांबते हं, या तुम्ही सावकाश.”

मी वर पोहोचलो तेव्हा दुधी टवटवीत होता. इतक्यात फोन वाजला.

“अहो, आहात कुठे?”

“आत्ताच जमिनीवर आलो.”

“मग आता घरीच ना?”

“नाही. वनाझची गाडी अजून वर आहे.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. “पर्वती चढणाऱ्याला…” असे काहीसे ऐकू येऊ लागताच मी दुधी काखोटीला मारला आणि निमूटपणे लिफ्टच्या रांगेत उभा राहिलो.