कंपोस्ट होणारी घासणी म्हणे!

आज सकाळी बाल्कनीतला कंपोस्टचा ड्रम उपसला. खत सुरेख झालंय, काळंभोर, भुसभुशीत. चाळायला घेतलं आणि चाळणीत उरल्या हिरव्या चकत्या. आठ महिन्यांत केळीची सालं विरली, चहाचा चोथा विरला, नारळाची शेंडीसुद्धा मऊ पडली. या चकत्या मात्र जशाच्या तशा!

तीन घासण्यांना ३४० रुपये मोजलेत मी. पाकिटावर ठळक अक्षरांत 'प्लास्टिकमुक्त, कंपोस्टेबल'. एक बाजू लाकडाच्या लगद्याची, सेल्युलोजची. ती खरोखर कुजली, त्याबद्दल तक्रार नाही. पण भांडी जिने घासायची ती हिरवी बाजू? एक धागा उपसून काडीने पेटवला. काथ्या असता तर त्याची राख झाली असती. हा वितळला, आक्रसला आणि त्याची टणक काळी गोळी झाली. म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टर, दुसरं काय! साध्या दहा-वीस रुपयांच्या घासणीला असतं तेच, वर गोंदाने चिकटवलेलं.

विकणाऱ्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, 'आमचं उत्पादन औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे.' मग ते पाकिटावर का नाही लिहिलं? तसल्या प्रकल्पात ५८ अंशांच्या आसपास उष्णता टिकवून धरतात. माझ्या ड्रमात हात घातला तर जेमतेम कोमट लागतं. आणि नायलॉन किंवा साधं पॉलिस्टर तर तिथेही कुजत नाही, मग हे उत्तर देता तरी कसं?

त्याआधी काथ्याच्या घासण्या आणल्या होत्या. त्याही शिवलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने, आणि प्रत्येक नग वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत! आमच्या मावशी दोन दिवसांत म्हणाल्या, "ताई, हाताला टोचतंय हो, आणि करपलेलं दूध निघत नाही." मी त्यांनाच समजावत बसले, थोडी कळ काढा, निसर्गासाठी आहे. त्या बाईच्या बोटांना चिरा पडल्या, आणि शेवटी कचऱ्यात काय गेलं तर प्लास्टिकच. याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय.

खरी कुजणारी घासणी म्हणजे घोसाळं. वेलावर जून होऊ द्यायचं, वाळलं की साल सोलून बिया झटकायच्या, झाली जाळी. ताटं-वाट्या उत्तम निघतात. कढईला थोडी राख लागते, तेवढं मान्य. पण मंडईत सगळी कोवळीच मिळतात, जून झालेलं कोणी आणतच नाही. आणि ऑनलाइन त्याच जाळीचे चार काप दीडशे रुपयांना, तेही प्लास्टिकात गुंडाळून. बिया आणल्यात, ग्रिलवर वेल चढवणार आहे. पण तोवर काय वापरायचं?

दुपारभर चिमट्याने खतातले हिरवे धागे वेचत होते. नखाएवढे, केसाएवढे, मातीत मिसळले की दिसतही नाहीत. याच घासण्या मी दीड वर्ष वापरतेय. मागच्या खेपेचं खत चाळलंच नव्हतं. पाकिटावर विश्वास ठेवला आणि सगळं पालकाच्या कुंड्यांत घातलं. तो पालक आम्ही खाल्लाय, माझ्या लेकीने खाल्लाय.