सॅकमधली आटवलेली बिअर: वजन वाचते, पण कशाचे?

अर्ध्या लिटर बिअरचा भरलेला डबा काट्यावर ठेवला तर सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचा असतो. ज्या ओढ्याच्या काठी तंबू ठोकायचा, त्याच ओढ्याकडे आपण दिवसभर चढ चढत बाहेरून पाणी वाहून नेतो, हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की पाठीवरचे डबे दुप्पट जड वाटू लागतात. त्यामुळे बिअर आटवून तिचा अर्क लहानशा पाकिटात भरायचा आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिथल्या पाण्यात तो मिसळून वर वायू भरायचा, ही कल्पना मला पहिल्यांदा कळली तेव्हा ती इतकी साधी वाटली, की आजवर आपण हे का केले नाही याचीच लाज वाटली. दोन ट्रेकमध्ये ती वापरून पाहिल्यानंतर माझे मत बरेच बदलले आहे. ते पूर्णपणे उलटलेले नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

कल्पना तशी फार जुनी आहे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७२ साली दुसऱ्या मोठ्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर आटवून घट्ट केलेल्या बिअरची पिंपे होती. पाणी घालून ती खलाशांना द्यावी आणि स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, दूर ठेवावी, असा बेत होता. उष्ण हवेत तो घट्ट रस पिंपातच आंबू लागला आणि पिंपांची झाकणे उडाली. आंबण्याचे ते संकट आजच्या पाकिटाला नाही, कारण यीस्टला जगता येऊ नये इतका मद्यार्क त्यात असतो. पण वायू नको तिथे येतो आणि हवा तिथे येत नाही, ही या वस्तूची मूळ खोड मात्र अडीचशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

बिअर नुसती उकळून आटवता येत नाही. मद्यार्क पाण्याच्या आधी उडतो आणि त्याच्याबरोबर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वासही जातो. मागे उरतो तो गोडसर, करपट काढा. गोठवून आटवण्याची रीत जर्मनीतल्या आइसबॉक बिअरसाठी वापरतात. पाण्याचा बर्फ आधी होतो, तो काढून टाकला की उरलेली बिअर कडक होते. याच मार्गाने ब्रूडॉग या स्कॉटिश कंपनीने २००९ साली ३२ टक्के मद्यार्काची बिअर काढली होती. मात्र एवढ्याने पाकिटापुरता घट्टपणा साधत नाही. अमेरिकेतल्या पॅट्स बॅककंट्री बेव्हरेजेस या कंपनीने २०१० नंतरच्या दशकात जे पाकीट बाजारात आणले, ते ५० मिलिलिटरचे होते आणि त्यापासून चांगली अमेरिकी पिंटभर, म्हणजे पावणेपाचशे मिलिलिटरच्या घरात बिअर होत असे. इतका अर्क काढायचा तर आधी बिअर करायची, हवेचा दाब कमी करून कमी तापमानालाच तिच्यातला मद्यार्क बाजूला काढायचा, उरलेला द्रव पाण्याच्या जागी वापरून त्यातच पुढची बिअर करायची, असे फेरे घ्यायचे आणि शेवटी मद्यार्क परत मिसळायचा, असा तो खटाटोप आहे. कारखान्यातले हे काम खरोखर हुशारीचे आहे आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही.

माझी पहिली शंका वजनाबद्दलच आहे, जरी ही वस्तू विकली जाते ती वजनाच्याच नावावर. अर्धा लिटर, पाच टक्के मद्यार्काच्या बिअरमध्ये २५ मिलिलिटर मद्यार्क असतो आणि तो सुमारे २० ग्रॅम भरतो. शिवाय माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, आलेली, न आंबलेली साखर, प्रथिने आणि इतर घन पदार्थ मिळून आणखी पंधरा-वीस ग्रॅम होतात. म्हणजे उद्या कोणी कितीही अचाट यंत्र शोधून काढले, तरी त्या अर्ध्या लिटरचे पाकीट पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या खाली उतरणार नाही, कारण पाणी काढता येते, मद्यार्क आटवता येत नाही. आता दुसऱ्या बाजूला व्हिस्की ठेवा. तेवढाच मद्यार्क साठ मिलिलिटरपेक्षाही किंचित कमी व्हिस्कीत असतो आणि तिचे वजन पंचावन्न ग्रॅमच्या आसपास होते. थोडक्यात, ज्याला रात्री शेकोटीपाशी दोन घोट मद्यच हवे आहे, त्याने चपटी बाटली खिशात टाकावी. प्रत्यक्षातले पाकीटही पंचावन्न ग्रॅमच्या आसपासच भरते, त्यामुळे त्याच्या तुलनेत बाटलीतल्या व्हिस्कीचे काहीच जास्त वजन होत नाही आणि पाण्याची, वायूची, थंडाव्याची भानगडही उरत नाही.

मग पाकीट घेणारा नेमके काय विकत घेतो? तो फेस विकत घेतो, आणि फेस पाकिटात नसतो. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. अर्ध्या लिटरसाठी तो अडीच ग्रॅम धरा. हा अडीच ग्रॅम वायू डोंगरावर निर्माण करण्यासाठी पाच ग्रॅम खाण्याचा सोडा आणि चार ग्रॅमच्या आत सायट्रिक ॲसिड पुरते. पण ही पूड थेट पेयात टाकली तर मागे सोडियम सायट्रेट उरते आणि बिअर खारट लागते, म्हणून ती वेगळ्या कप्प्यात भिजवून फक्त वायू पेयात सोडणारी खास बाटली लागते. दुसरा पर्याय आठ ग्रॅम वायूच्या पोलादी नळीचा. तिथे वायूपेक्षा नळीच जड. माझी बाटली रिकामी असताना ३१० ग्रॅम भरली. एकाच बिअरसाठी ती न्यायची, तर पंचावन्न ग्रॅमच्या अर्कामागे सव्वातीनशे ग्रॅमचे बाटली-पुडीचे लटांबर, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चार बिअरना मात्र गणित पार बदलते: डबे दोन किलोंच्या वर जातात आणि पाकिटे, पुड्या, बाटली सगळे मिळून सहाशे ग्रॅमच्या आत राहते. हे मी नाकारत नाही.

माझा पहिला प्रयोग भर दुपारी झाला आणि त्यात जेवढ्या चुका शक्य होत्या तेवढ्या मी केल्या. ओढ्याचे पाणी घेतले, त्यात क्लोरीनची गोळी टाकली, अर्धा तास थांबलो, मग अर्क ओतला, कप्प्यात पूड भिजवली, सांगितल्याप्रमाणे बाटली दोन मिनिटे हलवली आणि अधीरपणे लगेच झाकण फिरवले. पुढचे दृश्य कोणी टिपले नाही, हे माझे नशीब. निम्मी बिअर फेस होऊन मनगटावरून कोपरापर्यंत गेली; उरलेली निम्मी कोमट, मिळमिळीत आणि चवीला दवाखान्यातल्या फरशीसारखी होती.

तिन्ही दोषांची कारणे नंतर समजून घेतली आणि ती सांगण्यासारखी आहेत. वायू थंड पाण्यात राहतो, कोमट पाण्यात राहत नाही: साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाचे पाणी स्वतःच्या १.७ पट वायू धरून ठेवते, वीस अंशाचे पाणी ०.९ पटसुद्धा नाही. त्यामुळे तेवढाच वायू भरायला उन्हातल्या बाटलीला झऱ्यातल्या बाटलीच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो आणि झाकण उघडताच तो सगळा एकदम बाहेर धावतो. उंची या त्रासात भर घालते, कारण तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर आलेला असतो. आणि दवाखान्याचा तो वास क्लोरीनचा स्वतःचा नव्हता. क्लोरीन आणि माल्ट-हॉप्समधली फिनॉल नावाची संयुगे यांची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात जिभेला कळतात, की बिअर करणारे लोक नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. पाणी गाळणीने गाळावे किंवा आदल्या रात्री उकळून गार करावे, हा त्यावरचा सरळ उपाय. गोळीच वापरायची असेल तर तिची वेळ पूर्ण झाल्यावर चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड टाकली की क्लोरीन निघून जातो. आधी टाकली तर मात्र जंतू शाबूत राहतात. बिअरमध्ये मद्य आहे म्हणून पाणी आपोआप शुद्ध होईल, असे समजणारे दोन जण मला आजवर भेटले आहेत. पाच टक्के मद्यार्काने ओढ्यातला जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी मरत नाही.

दुसऱ्या खेपेला पाणी गाळून घेतले, भरलेली बाटली संध्याकाळी अर्धा तास वाहत्या झऱ्यात दगडांमध्ये रोवून ठेवली, मग वायू भरला, हलवली, पुन्हा वीस मिनिटे झऱ्यात ठेवली आणि झाकण केसभर फिरवून वायूची सुसू संपेपर्यंत वाट पाहिली. तासाभराचा खेळ झाला. पण स्टीलच्या मगात ओतली तेव्हा बोटभर फेस उभा राहिला, दोन मिनिटे टिकला, आणि चव ताज्या बिअरच्या ऐंशी टक्के तरी होती. हॉप्सचा कडवटपणा चांगला उतरला होता, वास थोडा मागे राहिला होता. दिवसभराच्या चालीनंतर त्या ऐंशी टक्क्यांविषयी माझी काही तक्रार नव्हती. एकच घेतली, कारण मद्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरून ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीर प्रत्यक्षात उष्णता गमावते, लघवी वाढून पाणी कमी होते आणि उंचीवरच्या त्रासाची डोकेदुखी मद्याच्या डोकेदुखीत लपून जाते.

एका गोष्टीकडे मात्र मी आशेने पाहतो. जर्मनीतल्या नॉयत्सेलर क्लोस्टरब्रॉय या ब्रुअरीने २०२३ साली पाण्यात ढवळून करायच्या बिअरच्या पुडीची घोषणा केली आणि सुरुवात बिनमद्याच्या पुडीने केली. आमच्या पायपीट करणाऱ्या जमातीसाठी मला हाच खरा रस्ता वाटतो. मद्यार्कच नसेल तर वर सांगितलेला वीस ग्रॅमचा अडसर जातो, उंचीवरची धास्ती जाते आणि विमानाच्या सामानात २४ टक्क्यांवरच्या मद्याला लागणारी पाच लिटरची मर्यादाही आड येत नाही. वायूचा प्रश्न तिथेही उरतोच, आणि तो हलक्या बाटलीने सुटेल तेव्हा मी रांगेत पहिला असेन. तोवर दोघे-तिघे असू, मुक्काम एकाहून जास्त असतील आणि तंबूपाशी खात्रीचे थंड पाणी असेल, तरच माझी ती ३१० ग्रॅमची बाटली सॅकमध्ये जाते. एकट्याच्या ट्रेकला ती घरी फळीवर असते.

रिकाम्या पाकिटांचेही सांगायला हवे. डबा चेपून परत आणला तर त्याचे ॲल्युमिनियम पुन्हा वितळते. हे पाकीट प्लास्टिक आणि धातूचा पातळ पापुद्रा एकत्र चिकटवून केलेले असते आणि ते थर सहजी वेगळे होत नाहीत. शिवाय कितीही झटकले तरी आत दोन थेंब राहतातच. दुसऱ्या ट्रेकची चार पाकिटे मी सॅकच्या वरच्या कप्प्यात कोंबून आणली. महिना झाला, कप्पा उघडला की अजून माल्टचा वास येतो.