ऑनलाइन पदवीसाठी लॅपटॉप घेण्यापूर्वी

ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॅपटॉप कोणता घेऊ? नोकरी आणि घर सांभाळून मी ऑनलाइन एम.ए. पूर्ण केले, तेव्हापासून आमच्या चिपळूण परिसरातले ओळखीचे लोक मला हे हमखास विचारतात. मी त्यांना आधी दोन प्रश्न उलट विचारते. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज किती वेळ जाते? आणि तुमच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कोणाच्या हातात असतो?

दुसरा प्रश्न ऐकून बायका गप्प होतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी २०२४ पासून डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी-क्रमांक, काढावा लागतो, त्याआधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणारे ऑनलाइन खाते लागते, आणि तिथे ओटीपी येतो तो आधारशी जोडलेल्या नंबरवर. आमच्या शेजारच्या सूनबाईंचा नंबर माहेरी भावाच्या फोनमध्ये होता आणि भाऊ कामानिमित्त जहाजावर. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस असताना आम्ही दोघी आधार केंद्राच्या रांगेत उभ्या होतो. चांगला लॅपटॉप दिराने आधीच आणून ठेवला होता; त्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता.

विजेचा धडा मला स्वतःला परीक्षेत मिळाला. जुलैतली दुपार, बाहेर कोसळणारा पाऊस, घरी बसून प्रॉक्टर्ड परीक्षा. म्हणजे कॅमेरा आणि माइक सुरू, दाराला आतून कडी, टेबलावर पाण्याच्या बाटलीखेरीज काही नाही. वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण हॉलमधल्या राउटरचे हिरवे दिवे विझले होते, हे माझ्या लक्षात पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना आल्यावर आले. फोनचे हॉटस्पॉट सुरू करायला उठावे तर जागा सोडल्याची नोंद होणार, आणि फोन हातात घेतला तर तो गैरप्रकार ठरणार. अकरा मिनिटे गेली आणि घड्याळ मात्र चालूच राहिले. त्यानंतर मी राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेतला. बारा व्होल्टवर चालणारी ती डबी पुस्तकाएवढी असते आणि राउटरला काही तास जिवंत ठेवते. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात मात्र लिहिले होते फक्त ‘स्मार्टफोन व इंटरनेट आवश्यक’.

माझा आक्षेप नेमका याच ओळीवर आहे. व्याख्याने ऐकायला स्मार्टफोन पुरतो, हे खरे. पण परीक्षेची गरज वेगळी असते आणि ती शुल्क भरून झाल्यावर कळते. उदाहरणार्थ, सेफ एक्झाम ब्राउझर हा परीक्षेसाठीचा ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो; अँड्रॉइड फोनवर किंवा लिनक्सवर चालत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही चकचकीत दिसले तरी घेऊ नये. आठ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असली की एम.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमांना पुष्कळ झाले.

डेटाचा हिशेबही मांडून पाहावा. सेकंदाला १ मेगाबिट या दराने येणारा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० मेगाबाइट घेतो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये जेमतेम तीन तास बसतात, तेही घरातल्या मुलांनी त्याच पॅकवर काही पाहिले नाही तर. तेच व्याख्यान ६४ किलोबिटच्या नुसत्या आवाजात तासाला २९ मेगाबाइटमध्ये मावते. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र अशा विषयांत फळ्यावर पाहण्यासारखे फार थोडे असते. मग ध्वनिफीत वेगळी उतरवून घेण्याची सोय का नसावी? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन उभे राहिले, तेव्हा त्या घरोघरी जाणाऱ्या पुस्तकाला ना रेंज लागत होती ना रिचार्ज.

मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांची एक अडचण इंग्रजीवाल्यांच्या ध्यानातही येत नाही, ती टंकलेखनाची. जुन्या अ-युनिकोड फाँटमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणारी युनिकोड ही प्रमाण अक्षरपद्धती न वापरणाऱ्या फाँटमध्ये, तयार केलेल्या नोट्स फोनवर उघडल्या की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर काहीच वाचता येत नाही. स्वाध्याय लिहायचा तर युनिकोड मराठी यायलाच हवे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, ही मांडणी रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात बोटांत बसते. मी तो महिना प्रवेशाआधी दिला नाही. पहिल्या सत्रात एकेका स्वाध्यायाला रात्री दीड-दोन वाजायचे, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते, कारण तो वेळ वाचनाचा होता.

म्हणून विद्यापीठांकडे माझी आग्रहाची मागणी आहे. शुल्क घेण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच घरून, वीस मिनिटांची सराव परीक्षा देऊ द्यावी, आणि जिचे यंत्र किंवा जिची जोडणी त्यात टिकणार नाही तिच्यासाठी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात इन्व्हर्टरवर चालणारे चार संगणक आणि एक शांत खोली राखून ठेवावी.